पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या: भीती कशाची धरायची आणि कशाची नाही

ठाण्याच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी २१ वर्षांची, कॉलेजात शिकते. दरवर्षी गणपतीला सगळं घर सिंधुदुर्गात गावी जातं. गेली तीन वर्षं पाळीची तारीख नेमकी गणपतीत येते, म्हणून आई मेडिकलमधून गोळ्या आणून तिला देते. यंदा गणपतीशिवाय नवरात्र आहे आणि डिसेंबरात मामेभावाचं लग्नही आहे. मागच्या खेपेला गोळ्या बंद केल्यावर खूप रक्तस्राव झाला, गाठी पडल्या. नणंद म्हणाली, "या गोळ्यांनी पिशवी खराब होते, पुढे मूल राहत नाही." तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागलाय. गोळ्या द्याव्यात की नाही, दिल्या तर वर्षातून किती वेळा, असं तिने विचारलं आहे.

ताई, नणंदेच्या बोलण्याचं उत्तर आधी देते, म्हणजे तुम्हाला आज रात्री झोप लागेल. या गोळ्यांनी गर्भपिशवी खराब होत नाही. मूल राहण्याची क्षमताही जात नाही. पण म्हणून गोळ्या बिनधोक आहेत असा अर्थ काढू नका. धोका आहे, फक्त तुम्ही पाहताय तिथे नाही. मी २६ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. मूल होणार नाही या भीतीने आलेल्या शेकडो जणी पाहिल्या, आणि पायात रक्ताची गुठळी होऊ शकते हे आधीपासून माहीत असलेली एकही पाहिली नाही.

गोळी नेमकं काय करते हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडेल, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पाळीच्या चक्राच्या पहिल्या अर्ध्या भागात बीजांडकोशातली एक पुटकुळी वाढते आणि इस्ट्रोजेन तयार करते. त्याने गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं. मग बीज बाहेर पडतं. मागे राहिलेली रिकामी पुटकुळी पिवळी पडते, तिला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो. इस्ट्रोजेनने भिंत उभी केली असं म्हटलं, तर प्रोजेस्टेरॉन त्या भिंतीचा टेकू. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन खाली येतं, टेकू निघतो, अस्तराच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर सुटून बाहेर पडतं. तीच पाळी.

तुम्ही देता त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं, म्हणजे कारखान्यात बनवलेलं, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. शरीराचा टेकू निघायच्या आधी आपण बाहेरून दुसरा टेकू लावतो. गोळी चालू आहे तोवर भिंत उभी. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत, कधी आठवड्याने, भिंत खाली येते. पाळी आत "साठते", "तुंबते", "रक्त वर चढतं" असलं काही होत नाही. पाळीचं रक्त कुठे तयार होऊन पडलेलं नसतं, की जे अडवलं म्हणजे कुजेल. टेकू निघाल्यावरच ते यायला सुरुवात होते.

मागच्या वेळच्या गाठींचंही उत्तर यातच आहे. अस्तर नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस जास्त टिकवून धरलं, मग एकदम सोडलं. एखादी पाळी जड जाणं त्यामुळे साहजिक आहे. तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा आठ दिवसांनंतरही अंगावरून जात असेल, तर मात्र घरी बसू नका.

माझ्याकडे नेहमी येणारा एक प्रश्न असा: "डॉक्टर, माझ्या बहिणीला पाळी येत नव्हती तेव्हा हीच गोळी दिली होती, आणि मला पाळी थांबवायला पण हीच. असं कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. जिला पीसीओएस, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाने बीजांडकोशाचं काम अनियमित होण्याचं दुखणं आहे, तिचं बीज महिनोन् महिने बाहेर पडत नाही. म्हणजे पीतपिंड नाही, टेकू नाही, आणि भिंत नुसतीच वाढते आहे. तिला पाच-दहा दिवस गोळी देऊन बंद करतात, कारण टेकू काढल्यावर होणारा रक्तस्रावच हवा असतो. तुमच्या मुलीला टेकू लावून ठेवण्याचा काळ हवा असतो. औषध तेच, पण ते महिन्याच्या कोणत्या दिवशी सुरू केलं आणि कधी थांबवलं, यावर परिणाम उलटा-सुलटा होतो. हार्मोनच्या बाबतीत मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची असते.

आणि नणंदेचा समज कुठून आला असेल, तर बहुधा इथूनच. ज्या मुलीची पाळी मुळातच अनियमित, तिला तरुणपणी या गोळ्या दिल्या जातात. पुढे लग्न होतं आणि दिवस राहायला वेळ लागतो. वेळ लागतो तो पीसीओएसमुळे, पण लोकांच्या लक्षात राहतात त्या गोळ्या. दोष गोळीच्या माथी जातो आणि मूळ दुखण्याकडे कुणी बघत नाही. दुसरं एक कारण इंजेक्शनचं. सरकारी दवाखान्यात "अंतरा" नावाचं तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन मिळतं. ते बंद केल्यावर दिवस राहायला खरोखर सात-दहा महिने लागू शकतात, कारण औषध स्नायूत साठून हळूहळू उतरतं. तिथेही क्षमता परत येते, उशिराने. वस्तीतल्या एकीला तो अनुभव आला की "हार्मोन घेतलं की मूल होत नाही" एवढंच वाक्य सगळीकडे फिरतं.

बीजांची शिल्लक संपते का, असंही काही जणी विचारतात. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात, आणि आयुष्यभरात जेमतेम चारशेच्या आसपास बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरत असतात, गोळी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. तुमच्या मुलीने गोळी सुरू केली तेव्हा त्या महिन्याचं बीज बाहेर पडून दहा-बारा दिवस झालेले होते. गोळीने त्याला हातही लावला नाही.

आता खऱ्या धोक्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या चौथ्या दिवशी माझ्याकडे तिशीतली एक बाई आली. डावी पोटरी दुखते, चालताना ओढ बसते म्हणाली. प्रवासात अवघडली असेल म्हणून घरच्यांनी तेल लावून चोळलं होतं. मी टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त भरली, हाताला गरम आणि ताठ. मी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" ती म्हणाली, "नाही." पुन्हा विचारलं, तरी नाही. मग मी विचारलं, "पाळी कधी आली होती?" त्यावर ती हसून म्हणाली, "ती पुढे ढकलली आहे." पर्समधून अर्धं संपलेलं पाकीट काढून दाखवलं. "या गोळ्या होय? हे काय औषध आहे का?"

मुंबईहून बसने चौदा तास बसून ती गावी आली होती. वाटेत नीट स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी जवळजवळ प्यायलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी हरतालिकेचा निर्जळी उपास. आणि या सगळ्याच्या आधीपासून दिवसाला तीन गोळ्या. डॉप्लर सोनोग्राफीत पोटरीच्या खोल शिरेत गुठळी दिसली. ती वेळेत आली, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं आणि नंतर काही महिने गोळ्या घेऊन बरी झाली. पण अशी पोटरी चोळायची नसते, कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. तेलाच्या त्या मालिशची आठवण आजही मला अस्वस्थ करते.

गुठळी का होते? प्रोजेस्टेरॉन जातीची औषधं या बाबतीत बरीच सौम्य मानली जातात, आणि नॉरएथिस्टेरॉन कमी मात्रेत तसंच वागतं. गर्भनिरोधक म्हणून फक्त याचीच जी "मिनी पिल" असते, तिच्यात दिवसाला ०.३५ मिलिग्रॅम असतं. पाळी ढकलायला ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे १५ मिलिग्रॅम. चाळीस पटींहून जास्त! एवढं औषध पोटात गेलं की त्याचा अगदी थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये बदलतो. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांत, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध दोन्ही असलेल्या गोळ्यांत, असतं तेच हे इस्ट्रोजेन. १५ मिलिग्रॅमला त्याचा हिशेब २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गोळीच्या आसपास जातो, आणि माला-डी या सरकारी संयुक्त गोळीत ३० मायक्रोग्रॅम असतं. म्हणून जिला माला-डीसारखी गोळी द्यायची नाही, तिला ही गोळीही या मात्रेत द्यायची नाही, असा साधा नियम मी धरते.

घाबरून जाऊ नका, प्रमाणही सांगते. कोणतीही हार्मोनची गोळी न घेणाऱ्या १०,००० तरुण स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींना अशी गुठळी होते. संयुक्त गोळ्या घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत त्याच हिशेबाने ४० ते ६५. म्हणजे निरोगी मुलीसाठी आठ-दहा दिवसांचा धोका खरंच कमी आहे. पण त्यावर वजन जास्त, आधीची गुठळी, आई-वडिलांपैकी कुणाला तरुण वयात झालेली गुठळी, सिगारेट, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन, सलग चार तासांहून जास्त बसून प्रवास अशा गोष्टी एकावर एक चढल्या की हिशेब बदलतो. आणि कोकणातल्या गणपतीच्या प्रवासात यातल्या दोन-तीन तर न मागता जमा होतात.

म्हणून देण्याआधी मी काय विचारते ते लिहिते, तुम्ही मुलीबरोबर बसून मनातल्या मनात पडताळा. घरात कुणाला गुठळी, कमी वयात लकवा किंवा हृदयविकार होता का. मुलीचं अर्धं डोकं दुखतं का, आणि दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात का. येत असतील तर ही गोळी नको, कारण तशा अर्धशिशीत लकव्याचा धोका वाढतो. कावीळ किंवा यकृताचं दुखणं, स्तनात गाठ, रक्तदाब. अंगावर पाजणारी आई असेल तर मी देत नाही. क्षयाचं औषध किंवा फिट्सच्या गोळ्या चालू आहेत का हेही विचारते. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं यकृताला इतकं कामाला लावतात की हार्मोन लवकर मोडतं, टेकू ढिला पडतो आणि गोळी चालू असतानाच डाग लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गर्भ राहिला असण्याची शक्यता आहे का. पाळी ढकलणारी गोळी गर्भनिरोधक नाही. ती सुरू होते तेव्हा बीज बाहेर पडून गेलेलं असतं, त्या महिन्यात संबंध आलेला असेल तर गर्भ तोवर राहिलेलाही असू शकतो. मग गोळीमुळे पाळी आली नाही असं समजून बाई निवांत राहते आणि दोन महिने तसेच जातात. गोळ्या थांबवून दहा दिवसांत पाळी आली नाही, तर पहिलं काम लघवीची तपासणी. अशा वेळी कित्येक जणी रडत येतात, "गोळ्या पोटात गेल्या, आता बाळ अपंग होईल, पाडून टाका." थांबा. १९५० आणि ६० च्या दशकांत गर्भपात टळावा म्हणून याच जातीची औषधं मोठ्या मात्रेत आठवडेच्या आठवडे दिली गेली, तेव्हा काही मुलींच्या बाहेरच्या जननेंद्रियांवर पुरुषी परिणाम दिसला होता, हे खरं आहे. म्हणूनच गर्भारपणात ही गोळी द्यायची नाही. पण अजाणतेपणी चार-आठ दिवस घेतलेल्या गोळ्यांवरून हवं असलेलं बाळ पाडायला मी कधीच सांगत नाही. नीट सोनोग्राफी करत राहू म्हणते.

इथेच आणखी एक गोंधळ निस्तरते. लोक सगळ्यालाच "ती गोळी" म्हणतात. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी लेव्होनॉरजेस्ट्रेलची, १.५ मिलिग्रॅम. ती बीज बाहेर पडणं लांबवते, म्हणून जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी. बीज सुटून गेल्यावर तिचा उपयोग फारसा नाही. माला-डी रोज घ्यायची, ती बीज तयारच होऊ देत नाही. आणि ही आपली पाळी ढकलायची गोळी बीज सुटल्यानंतर कामाला लागते. एकीच्या जागी दुसरी घेऊन चालत नाही. गणपतीआधी संबंधानंतरची गोळी घेऊन पाळी पुढे जाईल म्हणून वाट बघत बसलेली मुलगी मी पाहिली आहे, आणि तिची पाळी उलट चार दिवस आधी आली.

द्यायचीच ठरली तर पद्धत अशी. अपेक्षित तारखेच्या किमान तीन दिवस आधी सुरू करायची. एक दिवस आधी सुरू केली तर भिंतीला तडा गेल्यावर टेकू लावल्यासारखं होतं, डाग लागत राहतात. ठरावीक वेळा पाळायच्या, चुकवायच्या नाहीत. प्रवासात दुपारची गोळी बॅगेत राहते, रात्रीची आरती-भजनात विसरते, आणि ऐन गौरीच्या दिवशी डाग दिसला की गोळीला नावं ठेवली जातात. दहा-बारा दिवसांच्या वर मी चालवत नाही. वारीला निघालेल्या बायका अठरा-वीस दिवसांसाठी मागतात, त्यांना मी नाही म्हणते आणि पॅड, पाळीचा कप, लोहाच्या गोळ्या यांवर बोलते. मळमळ, स्तन जड होणं, चिडचिड, पोट फुगणं ही लक्षणं येतील, ती गोळी संपली की जातात.

प्रवासात दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटं चालायला लावा. स्वच्छतागृहाची पंचाईत आहे हे मला माहीत आहे, तरी पाणी प्यायला लावा. आणि या गोळ्या चालू असताना निर्जळी उपास नको, पाणी पिऊन करू दे. एका पोटरीला सूज, अचानक दम, छातीत कळ, कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखणं, अंधारी येणं किंवा बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही झालं तर गोळी बंद आणि थेट मोठ्या दवाखान्यात. तिथे गेल्यावर आधी गोळीचं नाव सांगायचं.

वर्षातून किती वेळा? निरोगी मुलीला एक-दोनदा मी विनासंकोच देते. तुम्ही लिहिलेल्या तीन वेळा, चार महिन्यांच्या आत, मला जास्त वाटतात. तुमच्याकडे वेळ आहे, तर दुसरा मार्ग बघू. जिला संयुक्त गोळ्या चालतात, तिला दोन-तीन महिने आधीपासून त्या सुरू करून तारीखच सरकवता येते. एका पाकिटातल्या २१ हार्मोनच्या गोळ्या संपल्या की लोहाच्या सात गोळ्या न घेता पुढचं पाकीट सुरू करायचं, म्हणजे मधली पाळी येत नाही. हार्मोनची मात्रा कमी, डाग कमी. अर्थात वरचे सगळे प्रश्न तिथेही लागू.

आणि लग्नाला गोळी कशाला, हे मी विचारणार. गणपतीत देवघराचा प्रश्न तुमच्या घरचा, त्यात मी पडत नाही. पण मामेभावाच्या लग्नात मुलीला नाचायचं आहे म्हणून हवी असेल, तर चांगला पॅड किंवा कप आणि दुखलं तर मेफेनॅमिक ॲसिडची गोळी जेवणानंतर, एवढ्याने भागतं. त्या गोळीने रक्तस्रावही थोडा कमी होतो. ॲसिडिटी किंवा दमा असेल तर तीही विचारून.

कालनिर्णयावर तुम्ही तिच्या तारखांना गोल करत असालच, मागच्या सहा महिन्यांची पानं घेऊन या. तारखा पंधरा-वीस दिवसांनी मागेपुढे होत असतील, तर ढकलण्याच्या गोळीचा विचार बाजूला ठेवून आधी थायरॉइड आणि सोनोग्राफी करू, कारण पाळी कधी येणार हेच माहीत नसेल तर तीन दिवस आधी म्हणजे कधी?

मुलीलाही बरोबर आणा. रक्तदाब, वजन बघून तुमच्यासमोरच सगळं बोलू. मग मी तुम्हाला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगेन. राग मानू नका. मला तिला एक-दोन प्रश्न विचारायचे असतात, त्यांची उत्तरं २१ वर्षांची मुलगी आईसमोर देईलच असं नाही, आणि ती खरी मिळाल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही.